उंबऱ्याबाहेरचं पान

काकांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती खोली बघायला, आणि दाराबाहेर वाढून ठेवलेल्या पानात माझा पाय पडता पडता वाचला. दिवाळीचा दिवस होता. सिडनीच्या वेंटवर्थव्हिलमधलं साधं विटांचं घर, पुढे पिवळं पडलेलं गवत, आणि उंबऱ्याच्या बाहेर, पायपुसण्याच्या शेजारी, केळीच्या पानावर मीठ-लिंबापासून वरणभातापर्यंत सगळं रीतसर वाढलेलं. भोवती रांगोळीसुद्धा. मी दचकून मागे सरले, तेवढ्यात आतून खणखणीत आवाज आला, "सांभाळून! पणजोबा जेवतायत!"

शहाण्या मुलीने तिथूनच परत फिरायला हवं होतं. पण मी आधी जिथे राहत होते तिथे पाच मुलींत एक बाथरूम होतं, आणि या घरातून साजूक तुपाचा वास येत होता. मी पान ओलांडून आत गेले. मागच्या अंगणातली ग्रॅनी फ्लॅट, म्हणजे एका खोलीचं सुटं घर, त्याच दिवशी माझी झाली.

काका म्हणजे माझे नात्याने कुणी नव्हेत. परदेशात ज्याच्या घरात राहायचं आणि जो मराठीत बोलतो तो काका, एवढं सोपं ते असतं. मूळचे पुण्याचे, तरुणपणी इकडे आले, जन्मभर रेल्वेच्या सिग्नलची कामं केली आणि निवृत्त झाले. काकू माझ्या येण्याच्या आधीच गेल्या होत्या. घरात काका एकटे आणि पणजोबा.

या पणजोबांवाचून काकांचं पान हलत नसे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात एका नाटक मंडळीत ते नायिकेची कामं करायचे, आणि त्यांच्या तोडीचा नट झाला नाही, असं काकांचं ठाम मत. आपल्या अंगात त्या नटाचं रक्त आहे हे काका एक क्षणही विसरत नसत आणि दुसऱ्यालाही विसरू देत नसत. कचऱ्याचे बिन्स बाहेर काढायचा दिवस असला की बाकीची आळी चड्डी आणि चपलांत बाहेर येई. काका कोट चढवून यायचे. "एन्ट्री आहे," म्हणायचे. "लाल झाकणाचं बिन असो की राजदरबार, एन्ट्री ती एन्ट्री." जेवायच्या आधी पितळेची घंटा वाजायची, तीनदा. तिसऱ्या घंटेला तुम्ही टेबलाशी नसलात तर दार बंद. एकदा मी शॉवरमध्ये होते म्हणून उशिरा पोचले, तर आतून ऐकू आलं, "मध्यंतरात या!" आणि खरोखर ताक वाढायच्या वेळी मला आत घेतलं.

शेजारी एक निवृत्त ट्रक ड्रायव्हर राहायचा. काकांनी त्याला कुंपणावरून अभिमानाने सांगितलं होतं, "माय ग्रेट-ग्रँडफादर वॉज अ फेमस व्हिक्टोरियन अ‍ॅक्टर, मेट!" त्यावर तो म्हणाला, "ओ येस? मेलबर्नचा का?" इकडे व्हिक्टोरिया म्हणजे राणी नव्हे, मेलबर्नचं राज्य. काका चिडून माझ्याकडे आले. "इतिहास म्हणून काही नाहीच गं या लोकांना!" पण पुढच्या सणाला त्याच शेजाऱ्याच्या घरी पुरणपोळ्या गेल्या, आणि तो दारातलं पान बघून अदबीने टोपी काढायला शिकला.

पानातलं जेवण खायचा तो एक मॅग्पाय. सप्टेंबरात हे पक्षी पिल्लांपायी पिसाळतात, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्यावर झडप घालतात. मला त्याने दोनदा टोचलं. काकांच्या वाटेला मात्र तो कधी गेला नाही. ते त्याच्यासमोर हात जोडून उभे राहायचे आणि विचारायचे, "आमटी कशी झालीय?"

आता आमटीचं सांगायलाच हवं. ही घराण्याची आमटी. पणजोबांनी मंडळीत असताना जशी केली तशी, चार पिढ्या, एका दाण्याचा फरक न करता. तिच्यात चिंच, कोकम आणि कैरी, तिन्ही. वर गूळ, तोही तिन्हींना पुरेल इतका. मेथ्या काळ्या होईपर्यंत तळायच्या. आणि मीठ शेवटी, डोळे मिटून, पणजोबांचं स्मरण करत. स्मरण लांबलं की त्या दिवशी आमटीचं काही खरं नसे. पहिला भुरका मारला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काका भारावून म्हणाले, "येतं. सगळ्यांना येतं." त्यानंतर काही बोलण्याची सोयच उरली नाही.

पण हे पान दाराबाहेर का? ती गोष्ट काका इतक्या वेळा सांगायचे की मी ती झोपेतही म्हणून दाखवेन. पणजोबा कृष्णाकाठच्या भिक्षुकाच्या घरातले. बारीक आवाज, नाजूक अंगलट. गावात नाटक मंडळी आली आणि परत गेली तेव्हा बरोबर हेही गेले. पुढच्या दिवाळीला घरी आले ते मिशी उतरवून, कारण नायिकेला मिशी कुठली? आता, बाप हयात असताना मुलाने मिशी उतरवायची नाही ही त्या काळची रीत. मिशी काढली म्हणजे बाप गेला. "म्हातारा ओसरीवर धडधाकट बसलाय," काका सांगायचे, आणि इथे त्यांचा आवाज म्हाताऱ्याचा व्हायचा, "'अरे, मी अजून जिवंत आहे!' म्हणून ओरडला. उठला, विहिरीवर गेला आणि पोटच्या पोराच्या नावाने अंघोळ करून आला." मुलाला घरात पाऊल टाकायची बंदी झाली. आईने गुपचूप उंबऱ्याबाहेर पान वाढलं. पुढे दर सणाला मुलगा यायचा, बाहेरच जेवायचा आणि जायचा. नाव झालं, शालजोड्या मिळाल्या, एका राणीसाहेबांनी आपली नथ त्याला बक्षीस दिली. बाप गेल्यावर भाऊ म्हणाले, आता आत ये. तेव्हा तो म्हणाला, "माझी जागा ठरलीय." म्हणून आमच्या घराण्यात सणाला एक पान बाहेर.

ही गोष्ट ऐकून मी पहिल्यांदा खरंच गहिवरले होते. दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि रविवारी पुण्याहून दादांचा व्हिडिओ कॉल यायचा.

दादा म्हणजे काकांचे थोरले भाऊ. पुण्यातल्या एका शाळेत जन्मभर भूमिती शिकवलेले. आवाज कोरडा, चष्मा जाड, आणि प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर: "सिद्ध कर." त्यांच्या मते पणजोबा नट नव्हतेच. ते नाटक मंडळीचे आचारी होते.

"पन्नास माणसांचा स्वयंपाक करणारा माणूस," दादा फोनमधून सांगायचे, "सगळ्यांची जेवणं उरकल्यावर दाराशी वाऱ्याला बसून जेवतो. सवय. म्हणून बाहेर पान."

"आणि मिशी?" काका गरजायचे.

"चुलीपाशी वाकून वाकून जळली असेल."

"आणि नथ? लॉकरमधली नथ?"

"पणजीची. बायकांना नथ असते."

"दादा, तुला कलेतलं काही कळत नाही!"

"बरं. मग ही आमटी कुठून आली? नट कधी आमटीची कृती मागे ठेवून जातो का? सिद्ध कर."

इथे काका दरवेळी अडकायचे. आमटी हा दादांचा हुकमाचा एक्का. काका लॅपटॉप फाडकन बंद करायचे आणि "तोंड बघणार नाही याचं!" म्हणत अंगणात येरझाऱ्या घालायचे. पुढच्या रविवारी मात्र नऊ वाजल्यापासून इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर तयार. हे भांडण म्हणे त्यांच्या मुंजीपासून चालू होतं. दोघांना एकमेकांशी दुसरं काही बोलता येतं का याचीच मला शंका होती. तब्येत, पाऊस, मुलंबाळं, सगळं त्या भांडणाच्या कडेकडेने विचारलं जायचं. "आचारीच होता. आणि तू गोळ्या घेतोस ना वेळेवर?" अशी ती तऱ्हा.

मग कोरोना आला. माझी युनिव्हर्सिटी बंद झाली. मी शिफ्टला जायचे त्या वृद्धाश्रमात एका बाईला झाला आणि मला घरात कोंडून घ्यायचं फर्मान निघालं. मी माझ्या ग्रॅनी फ्लॅटमध्ये एकटी रडत बसले होते. आई नाशिकहून फोनवर रडत होती. तेवढ्यात अंगणात घंटा वाजली. एकदा, दोनदा, तीनदा.

दार उघडलं तर उंबऱ्याच्या बाहेर पान. वरण, भात, भाजी, आमटी, कडेला रांगोळी. आणि काका लांब, कपडे वाळत घालायच्या फिरत्या दांडीखाली, कोट घालून उभे.

"अगं, रडतेस काय!" ते तिथून ओरडले. "आमच्या घराण्यात उंबऱ्यापाशी जेवतो तो मानाचा! तू भात कालव, मी पहिला अंक सुरू करतो."

आणि त्यांनी खरंच सुरू केला. जितके दिवस मी बंद होते तितके दिवस, दुपारी आणि संध्याकाळी, पणजोबांचं आयुष्य त्या दांडीखाली क्रमशः चाललं. पळून जाण्याचा प्रवेश, बापाचा प्रवेश, राणीसाहेबांचा प्रवेश. वाळत घातलेली चादर ओढून घेऊन ते पदर करायचे. सत्तरी ओलांडलेला, टक्कल पडलेला, पोट सुटलेला माणूस, पण चादरीत मान वळवून बघायचा तेव्हा मी घास हातात धरून थांबायचे. मी तिथे उंबऱ्यावर बसून तीही आमटी रोज संपवली. उरवली असती तर त्यांना दिसलं असतं.

एके संध्याकाळी नायिकेचा मरतानाचा विलाप इतका रंगला की पलीकडच्या कुणीतरी पोलिसांना फोन केला. दोन तरुण पोलीस मास्क लावून बाजूच्या गेटने आत आले. समोर काका, चादरीत गुंडाळलेले, गुडघ्यांवर.

"एव्हरीथिंग ओके, मेट? एक बाई रडत असल्याचा फोन आला होता."

"दॅट वॉज मी," काका उठत म्हणाले. "थँक यू."

पोलिसाने माझ्याकडे बघितलं. मी घास गिळत मान डोलावली. मग त्याने पाहुणे बोलवायला बंदी आहे याची आठवण करून दिली आणि विचारलं, "घरात आणखी कुणी आहे?"

"ओन्ली माय ग्रेट-ग्रँडफादर," काका म्हणाले.

त्या पोलिसाला पणजोबांची मिशी समजावून सांगायला पाऊण तास लागला. जाताना तो म्हणाला, "नो वरीज, पण जरा हळू मरा." काकांना ही आयुष्यातली सगळ्यात मोठी दाद वाटली. रविवारी दादांना त्यांनी ती तिखटमीठ लावून सांगितली. दादा म्हणाले, "पोलीस जेवायला थांबले नाहीत. आमटी हुकली बिचाऱ्यांची."

दुसऱ्या वर्षी, उन्हाळ्यात, म्हणजे पुण्यातल्या उन्हाळ्यात, दादांचा रविवारचा कॉल आला नाही. त्यांच्या सुनेचा आला. दादांना हॉस्पिटलमध्ये नेलं होतं, ऑक्सिजन लावला होता.

काका तेव्हा पहिल्यांदा म्हातारे दिसले. विमानं बंद. खास परवानगीसाठी त्यांनी अर्ज केला, नकार आला. परत केला, परत नकार. घरात घंटा वाजेनाशी झाली. बिन्स मीच बाहेर काढत होते, आणि एकदा ते चड्डीवर बाहेर आलेले बघून शेजाऱ्याने मला खुणेने बोलावून विचारलं, "इज ही ऑलराइट, लव्ह?" मी नाही म्हणून सांगितलं.

एका दुपारी सुनेने कळवलं की सिस्टर फोन धरायला तयार आहे, दोन मिनिटं बोला. काय बोलायचं ते सुनेने सांगितलं नाही, पण आवाजावरून कळण्यासारखं होतं. लॅपटॉप मी लावून दिला. पडद्यावर दादा. चष्मा नाही, तोंडावर मास्क, केस विसकटलेले.

काका म्हणाले, "दादा, ऐक. तूच बरोबर होतास. आचारीच होता तो. मी हरलो."

दादांनी हाताने मास्क बाजूला केला.

"नाही रे," ते म्हणाले. "नटच होता. मला... आधीपासून माहीत होतं."

"आजोबा, मास्क काढू नका!" सिस्टर ओरडली.

मुंजीपासून आजवर दादांनी कधी माघार घेतली नव्हती. आता घेतली म्हणजे त्यांनी आवराआवर सुरू केली होती. ते काकांना कळलं, मलाही कळलं, आणि मला इतकी भीती वाटली की मी काकांचा खांदा घट्ट धरला.

काकांनी तो झटकला. टेबलावर मूठ आपटली.

"काय पुरावा?" ते गरजले. "आं? असा सुटशील काय? मी म्हणतो आचारी होता! आता नट होता असं तू म्हणतोस ना? मग सिद्ध कर! घरी जा, बस नीट खुर्चीत, आणि सिद्ध कर. तोवर मी मानणार नाही, सांगून ठेवतो!"

सिस्टरने मास्क परत बसवला. मास्कच्या आत दादा हसले का ते दिसलं नाही. पण त्यांनी एक बोट वर केलं, वर्गात मुलांना थांबवायला करत असतील तसं. थांब, बघतो तुझ्याकडे. तेवढ्यात फोन कट झाला.

काका मागच्या पायरीवर जाऊन बसले आणि लहान मुलासारखे रडले. मी शेजारी बसून राहिले. मग त्यांनी शर्टाच्या बाहीने नाक पुसलं आणि फोन हातात घेतला. "दादा, मुद्दा पहिला," त्यांनी आवाज रेकॉर्ड केला. "चुलीच्या धगीने मिशी जळते. यावर तुझं काय म्हणणं आहे?" रोज एक मुद्दा. सिस्टर तो दादांच्या कानाशी लावायची. सून सांगायची की मुद्दा ऐकला की त्यांच्या कपाळाला आठी पडते. डॉक्टर काहीही म्हणोत, आम्ही इकडे त्या आठीवर दिवस काढत होतो.

दादा घरी आले. वाळून अर्धे झाले होते, दोन वाक्यांनंतर दम लागायचा. पण त्या गणपतीत, सिडनीत परत सगळं बंद, डोक्यावर पोलिसांचं हेलिकॉप्टर घिरट्या घालतंय, आणि काकांच्या टेबलावर लॅपटॉप उघडलेला. तिसरी घंटा झाली. दादा खुर्चीत नीट बसलेले, चष्मा लावून.

"तुझी ती मिशी," दादांनी सुरुवात केली. "माणूस चुलीशी वाकतो... तेव्हा आधी भुवया जळतात. पणजोबांच्या भुवया जळाल्याचं... कुणी सांगितलंय? सिद्ध कर."

"आणि नथ? पणजीचीच ना, तूच म्हणायचास?"

"पणजीला हवी कशाला एवढी मोठी? ती... लांबून दिसावी म्हणून केलेली नथ आहे. मी परवा लॉकरमधून काढून मोजली."

"बरं!" काकांनी आवाज चढवला. "मग आमटी? आमटीचं काय?"

स्वतःचाच एक्का होता, त्यावर दादा तोड कुठून आणणार? काका जिंकले. इतके आनंदात मी त्यांना कधीच बघितलं नव्हतं. दारातलं पान मॅग्पायने त्या दिवशी चाटूनपुसून साफ केलं, आमटी सोडून.

पुढे विमानं सुरू झाली आणि काका पहिल्याच आठवड्यात पुण्याला पळाले. मग वर्षातले सहा महिने तिकडे, सहा महिने इकडे, असं त्यांचं चालू झालं. मला नोकरी लागली, मी मेलबर्नला आले, लग्न झालं, मुलगी झाली. पॉइंट कुकच्या आमच्या घरात सणाला एक पान दाराबाहेर असतं. नवरा आधी हसायचा. मुलगी विचारते, "हूज दॅट फॉर, आई?" मी सांगते, एका पाहुण्याचं आहे, तो आत येत नाही.

मागच्या हिवाळ्यात दादा गेले. झोपेतच, सावकाश, वय होऊन. काका पुण्यातच होते. मी फोन केला तेव्हा व्यवस्थित बोलले. सगळं नीट झालं म्हणाले. मला वाटलं, सावरलेत.

त्यानंतर एका रविवारी त्यांचा कॉल आला. इस्त्रीचा शर्ट घातलेला. मागे दादांची रिकामी खुर्ची.

"कामात होतीस का गं?"

"नाही, काका. बोला ना."

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला.

"एक अडचण झालीय," ते म्हणाले. "आचारी होता म्हणणारा मी आहे. नट होता म्हणणारं कोणी उरलं नाही. पोरांना काही पडलेली नाही. मी काही म्हटलं की हो म्हणतात." त्यांनी मागे वळून खुर्चीकडे बघितलं. "तू म्हणशील का?"

मुलगी मांडीवर होती, तिला मी खाली ठेवलं आणि खुर्ची पुढे ओढून नीट बसले.

"नट होता, काका."

"काय पुरावा?" त्यांचा आवाज एकदम चढला. "आमटीचं काय? चार पिढ्या चालत आलेली आमटी! आचाऱ्याशिवाय कोण मागे ठेवून जाईल? सिद्ध कर!"

"सिद्धच करते," मी म्हणाले. "काका, मी ती आमटी रोज खाल्लीय. पन्नास माणसांना ती वाढली असती तर मंडळी पहिल्याच गावात फुटली असती. ती करणारा माणूस आचारी असूच शकत नाही."

मला वाटलं, नको तिथे बोलले. मग काका हसायला लागले. खुर्चीत मागे रेलून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"हे दादाला कधी सुचलं नाही गं," ते म्हणाले. "त्याला आवडायची ना ती."